सगळं खरं, तरी सपक: ‘जस्ट बिकॉज!’

“मावशी, हे आता बोलणार आहेत का? नाहीतर मी पाणी पिऊन येते.”

भाची सतरा वर्षांची, म्हणजे पडद्यावरच्या पोरांच्याच वयाची. ती उठली, आत गेली, पाणी प्यायली, येताना डब्यातलं काहीतरी तोंडात टाकून आली, तरी पडद्यावरची दोघं जिथे होती तिथेच उभी. मागे संध्याकाळचं आकाश, दोघांच्या मध्ये हातभर अंतर. “बोलले?” तिने विचारलं. मी म्हटलं, “नाही अजून.” खोटं कशाला बोला?

गंमत म्हणजे संथ गोष्टींची भक्त मी आहे, ती नव्हे. मला मारामाऱ्या, राक्षस, दुसऱ्या जगात पुनर्जन्म यातलं काही लागत नाही. दोन शाळकरी पोरं एका बाकावर बसून काही न बोलता उठून गेली तरी माझी संध्याकाळ सार्थकी लागते. त्यामुळे ‘जस्ट बिकॉज!’ खास आपल्यासाठीच बनवलीय असं समजून मी बसले होते. बारा भाग संपवायला चार महिने लागले. दोनदा तर पाचव्या भागापाशी सोडूनच दिली. वाईट मालिका सोडून देणं सोपं असतं. ही वाईट नाही, हीच पंचाईत.

२०१७च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जपानी टीव्हीवर आलेली ही मालिका. मांगा (जपानी चित्रकथा) किंवा कादंबरीवरून घेतलेली नाही, थेट ॲनिमेसाठीच, म्हणजे जपानी ॲनिमेशनसाठीच रचलेली. स्टुडिओ पाइन जॅम, दिग्दर्शक आत्सुशी कोबायाशी, लेखक हाजिमे कामोशिदा. लाइट नॉव्हेल, म्हणजे जपानी तरुणांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या, वाचणाऱ्यांना हे शेवटचं नाव नवं नाही. एइता इझुमी नावाचा मुलगा वडिलांच्या बदलीपायी काही वर्षं दूर राहून आपल्या जुन्या गावाकडे, कामाकुरा-फुजिसावाच्या बाजूला परततो, तेही हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचं दुसरं सत्र संपत आलेलं असताना. तिथे मिडल स्कूलमधला बेसबॉलचा दोस्त हारुतो सोमा भेटतो. तेव्हा मनात भरलेली मिओ नात्सुमेही भेटते, पण मिओच्या मनात तेव्हापासून हारुतो. हारुतोचं लक्ष भलतीकडेच, ट्रम्पेट वाजवणाऱ्या हाझुकी मोरिकावाकडे. आणि फोटोग्राफी क्लब बंद पडू नये म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून धावणारी, एक वर्ष मागची एना कोमिया एइताच्या मागे लागते. आधी त्याच्या फोटोसाठी, मग त्याच्यासाठी. पाच पोरं, चार बाण, आणि एकही सरळ लागत नाही. कागदावर हे झकास आहे.

जागाही खरीखुरी. रुळाखाली लटकत जाणारी शोनान मोनोरेल, ओफुना ते शोनान-एनोशिमा, ६.६ किलोमीटर, आठ स्थानकं. ती गाडी जशी आहे तशी काढलीय. पायऱ्या, रस्त्याची वळणं, फलाटाचा काठ, हिवाळ्यातलं पिवळट ऊन. पार्श्वचित्रांना मी उगाच नावं ठेवणार नाही. त्या भागात राहणाऱ्याला आपलं घर शोधावंसं वाटेल इतकं ते चोख आहे.

पहिला भाग तर असा आहे की तो पाहून कुणीही फसावं. रिकामं मैदान. दोन जुने दोस्त, एक चेंडू टाकतोय, एक बॅट फिरवतोय. हारुतोने मनाशी पैज लावलेली असते: होम रन बसला तर मोरिकावाला विचारायचं. तो चुकतो, पुन्हा चुकतो. आणि शाळेच्या इमारतीतून कुणीतरी एकटं ट्रम्पेटचा सराव करतंय त्याचा आवाज मैदानावर येत राहतो. कुणी कुणाला काही सांगत नाही, पण तो आवाज सगळ्यांच्या कानांवर पडतो: टाकणाऱ्याच्या, मारणाऱ्याच्या, बघणाऱ्यांच्या. जिच्यासाठी ही पैज चाललीय ती व्यक्ती चित्रात नाही, आवाजात आहे. मी उठून बसले. माझं काम ध्वनी-संकलनाचं, माहितीपट आणि लघुपटांवर. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे श्वास कापत बसणं हा माझा धंदा. ट्रम्पेटसारखी एखादी गोष्ट कुणी अशी वापरली की मला ती घरच्या माणसाने केल्यासारखी वाटते. संगीत यानागी नागी यांचं आहे, ते मवाळ आणि नेमकं आहे. पण मला आठवतो तो सरावातला ट्रम्पेटच.

मग पुढच्या अकरा भागांत असं झालं तरी काय?

मी एक उद्योग केला. तिसरा भाग चित्र बंद करून नुसता ऐकला, आणि मग आवाज बंद करून नुसता पाहिला. धंद्यातली जुनी सवय. जोड कुठे उसवलीय ते असंच सापडतं. नुसतं ऐकताना मालिका बरी वाटली! कलाकारांचे आवाज चांगले आहेत, श्वास जागच्या जागी आहेत, वाक्यं अर्धवट सुटतात ती खऱ्यासारखी सुटतात. नुसतं पाहताना मात्र कळलं. कुणी बोलत नसलं की चित्रात काही घडतच नाही. पात्र उभं असतं, केसांची एखादी बट हलते, डोळे एकदा मिटतात, मग कॅमेरा आकाशाकडे. पुन्हा पात्र. पुन्हा तारा, खांब, मोनोरेल. चित्रकाराला मुलाच्या मनात काय चाललंय ते दाखवायचं होतं, पण हाती पेन्सिल मोनोरेलसाठीच शिल्लक राहिली, असं काहीसं.

इथे थोडं धंद्याचं सांगते, कंटाळलात तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. माणसांचं चित्रीकरण करतो तेव्हा शांतता आपोआप मिळते. खोलीत कुणी बोलत नसलं तरी पंखा असतो, बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवतं, नट थुंकी गिळतो. आम्ही तर मुद्दाम सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून अर्धा मिनिट नुसती खोली ध्वनिमुद्रित करतो, त्याला रूम टोन म्हणतात. चेहऱ्याचंही तेच. चांगली नटी नुसती उभी राहिली तरी तिच्या चेहऱ्यावर शंभर गोष्टी होतात, त्यातल्या निम्म्या तिलाही माहीत नसतात. हे सगळं फुकट पदरात पडतं. रेखाटलेल्या जगात फुकट काहीच नाही. पापणी हलायला हवी असेल तर कुणीतरी ती काढायची. सेकंदाला चोवीस फ्रेम, पण टीव्हीच्या ॲनिमेत एक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम तसंच धरतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रं. बोलताना तोंडाच्या तीन अवस्था: मिटलेलं, अर्धं, उघडं. त्यांची आलटापालट चालू राहिली की डोळ्याला ‘बोलतोय’ असं वाटतं. ती आलटापालटही थांबली की पडद्यावर उरतं ते एक स्थिरचित्र. आणि स्थिरचित्र गप्प नसतं, ते नुसतं थांबलेलं असतं. हा फरक प्रेमकथेत जीव घेतो.

दुसरी गोष्ट विरामाची. जपानी ॲनिमेत सहसा चित्रावर नंतर आवाज चढवतात, आफुरेको. चित्र पुरतं झालेलं नसलं तरी प्रत्येक शॉट किती सेकंदांचा हे स्टोरीबोर्डवरच, म्हणजे शॉटगणिक कच्च्या चित्रांच्या आराखड्यावरच, लिहिलेलं असतं, आणि आवाज देणाऱ्याने तेवढ्यातच बसायचं. म्हणजे दोन वाक्यांमधला तो अवघड क्षण, “अगं, ते...” आणि “काही नाही” यांच्यामधला, कुणा नटाला अचानक सापडलेला नसतो. तो कुणीतरी टेबलाशी बसून आधीच आखलेला असतो: इथे चार सेकंद. उलटी पद्धतही आहे. ‘अकिरा’ या १९८८च्या ॲनिमे चित्रपटाच्या वेळी आवाज आधी घेतले आणि चित्रं त्यांवर बेतली. पण टीव्हीच्या आठवड्या-आठवड्याच्या रगाड्यात ते सगळ्यांना परवडत नाही. मग आखलेला विराम चांगला निघायचा असेल तर आखणाऱ्याला नेमकं माहीत हवं की या चार सेकंदांत मुलगी काय करतेय. ‘जस्ट बिकॉज!’मध्ये पुष्कळदा मला शंका आली की मुलगी चार सेकंद गप्प आहे, एवढंच लिहिलं असावं.

त्या वयातलं गप्प बसणं म्हणजे शांतता नव्हे हो. आत नुसता गोंगाट असतो. कॉरिडॉरमधून येणाऱ्या पन्नास जणांच्या पावलांतून एकाची पावलं मला ओळखू यायची, आणि ती दाराशी थांबली की पुढ्यातल्या वहीतली अक्षरं दिसेनाशी व्हायची. बाहेरून पाहणाऱ्याला मी अभ्यास करत होते. हे बाहेरून पाहणं या मालिकेने हुबेहूब केलंय. वहीही अगदी खरी काढलीय.

त्याच वर्षी, काही महिने आधी, ‘त्सुकी गा किरेई’ येऊन गेली होती: स्टुडिओ फील, दिग्दर्शक सेइजी किशी, तीही बारा भागांची, तीही मांगाविना. पोरं मिडल स्कूलची, गाव सैतामातलं कावागोए. वेग तितकाच संथ, घटना त्याहून कमी. मागच्या गर्दीतली संगणकी माणसं तर अशी चालतात की हसू येतं. तांत्रिक सफाईत ती कुठे सरस आहे असं नाही. पण त्यातला कोतारो रात्री आपल्या खोलीत उभा राहून दिव्याच्या लोंबत्या दोरीला गुद्दे मारतो. मुष्टियोद्ध्यासारखा. मुलीचा मेसेज आला की मारतो, नाही आला तरी मारतो. एकही संवाद नाही. आणि आकाने, ती मुलगी, घाबरली की एक मऊ खेळणं हातात घेऊन चेपत बसते. बस, एवढंच. दोरी आणि खेळणं. मला दोघांच्या पोटातलं सगळं कळलं.

बरं, या दोन गोष्टी काढायला महागड्या आहेत का? मुळीच नाही. दोरी हलवणं मोनोरेल हलवण्यापेक्षा स्वस्तच पडत असणार. प्रश्न पैशांचा किंवा चित्रांच्या संख्येचा तेवढा नाही, जेवढा कुणीतरी बसून विचार करण्याचा आहे की हा मुलगा खोलीचं दार लावल्यावर काय करतो. एइता खोलीचं दार लावल्यावर काय करतो? बारा भाग पाहून मी सांगू शकत नाही. फोन बघतो. उताणा पडतो. छताकडे बघतो.

फोनवर थोडं बोलायलाच हवं. दोन्ही मालिकांत पोरं लाइन नावाच्या ॲपवर निरोप धाडतात, जपानात सगळे त्यावरच असतात. त्यात निरोप वाचला गेला की ‘किदोकु’, म्हणजे ‘वाचलं’, अशी खूण उमटते. आणि वाचलं पण उत्तर नाही, हा तिथल्या शाळकरी पोरांच्या जिवाला घोर. खरं तर अशी खूण म्हणजे लेखकाला आयतं मिळालेलं नाट्य. ‘जस्ट बिकॉज!’मध्ये फोन वारंवार दिसतो, टाइप करून खोडलेली वाक्यं दिसतात, पण आपल्याला दिसतो तो मुख्यतः पडदा. अक्षरं वाचायची आणि पुढे जायचं. अंगठा दिसत नाही.

हे लिहिताना भाची शेजारीच होती. तिचा फोन वाजला. तिने पाहिला, पालथा ठेवला. उशी मांडीवर घेतली. फोन उचलला, न उघडता पुन्हा पालथा ठेवला, या वेळी जरा लांब, हात पुरणार नाही इतका. मग उठून तो घ्यायला गेली. मी काही विचारलं नाही. तिने काही सांगितलं नाही. वीसएक सेकंदांचा प्रकार, आणि त्यात एका भागाचा ऐवज होता.

आता एक गोष्ट मालिकेच्या बाजूनेही मांडली पाहिजे, कारण तिने जाणूनबुजून अवघड वाट धरलीय. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. शाळेच्या प्रेमकथांना लागणारं सगळं सामान त्यात भरलेलं असतं: शेजारचं बाक, वर्ग झाडायची पाळी, क्रीडामहोत्सव, सांस्कृतिक महोत्सव, सहल. ही पोरं जिथून सुरू होतात तिथे हे सगळं होऊन गेलेलं आहे. शेवटच्या वर्षाचं तिसरं सत्र म्हणजे नावापुरती शाळा. जानेवारीच्या मध्यावर सेंटर परीक्षा (ती १९९० ते २०२० चालली, मग तिच्या जागी दुसरी आली), त्यानंतर ज्या त्या विद्यापीठाच्या परीक्षा, आणि मार्चच्या सुरुवातीला निरोप. कुणाचा शिफारशीने प्रवेश पक्का, कुणी घोकंपट्टीला जुंपलेला, कुणी थेट नोकरीला लागणार. सगळे एकाच वर्गातले, पण वर्गात कुणीच नाही.

कल्पना सुरेख आहे. निरोपाच्या उंबरठ्यावर सुरू होणारी गोष्ट! पण लेखकाच्या हातून मोठं हत्यार निसटलं: योगायोगाने भेटणं. वर्गात पोरं न ठरवता भेटतात, रोज, तोंडावर पडतात. इथे प्रत्येक भेट ठरवून. निरोप धाडा, जागा ठरवा, मोनोरेलने जा, उभे राहा, बोलू नका, परत या. वास्तव असंच असेल, मान्य. पण मग ती ठरवण्याची धडपडच गोष्ट व्हायला हवी होती ना? कोणतं निमित्त काढायचं, कोणतं निमित्त फारच उघडं पडेल, हे. त्या वयाची अर्धी बुद्धी निमित्त शोधण्यात जाते. इथे निमित्तं आयती मिळतात आणि वापरून संपतात.

शिवाय ही पोरं फार समजूतदार आहेत. एइताला मिओ आवडते, पण तिच्या मनात हारुतो आहे हे ठाऊक असल्याने तो मागे राहतो. हारुतोला काही करायचं असलं की सगळे त्याला जागा करून देतात. मोरिकावा कुणाला दुखवत नाही. मिओ स्वतःलाही दुखावू देत नाही. एकमेकांचा इतका मान राखणारी सतरा-अठराची पोरं मी पाहिली नाहीत असं नाही, पण ती एवढ्या संख्येने एकाच ठिकाणी पाहिली नाहीत. कुणी तरी हलकटपणा करावा, थोडा तरी! एक निरोप मुद्दाम उशिरा द्यावा, जिवलग दोस्ताबद्दल एक वाकडं वाक्य बोलावं आणि मग रात्रभर तळमळावं. जपानी शाळकरी प्रेमकथेत ‘कोकुहाकु’ हा मोठा टप्पा: समोर उभं राहून मला तू आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का, असं स्पष्ट विचारायचं. आपण म्हणतो ना, “विचारलं का तिला?”, तेच, फक्त तिथे त्याला जवळपास विधीचं वजन आहे. त्या एका वाक्याकडे बारा भाग चालत जायचं, तर वाटेत काटे हवेत. इथे सगळे चपला घालून, बाजूबाजूने, सांभाळून चालतात.

अपवाद एकच, कोमिया. ती आली की मालिकेत वारा शिरतो. तिला फोटो हवा असतो, म्हणून ती मागते. नाही म्हटलं तर पुन्हा मागते. क्लब वाचवायचाय, स्पर्धा जिंकायचीय, आणि समोरचा मुलगा आवडायला लागलाय हे कळल्यावर ती तेही झाकत नाही. ती चुकते, घाई करते, हसं करून घेते. भाची तिच्यावर बेहद्द खूश. “हिला काहीतरी हवंय,” ती म्हणाली. मी माझ्या धंद्यातल्या चार शहाण्या माणसांकडून पटकथेवर तासनतास ऐकलंय, त्यांना हे तीन शब्दांत जमलं नव्हतं. बाकीच्या चौघांनाही काहीतरी हवंय, असं मालिका आपल्याला सांगते. कोमियाच्या बाबतीत सांगावं लागत नाही.

जाता जाता: मिओचं आडनाव नात्सुमे. आणि ‘त्सुकी गा किरेई’, ‘चंद्र सुंदर आहे’, हे नाव ज्या दंतकथेवरून आलंय ती नात्सुमे सोसेकी या थोर कादंबरीकाराची. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ याचं जपानी भाषांतर ‘चंद्र किती सुंदर आहे’ असं करावं, असं तो विद्यार्थ्यांना म्हणाला म्हणे. म्हणाला असल्याचा पुरावा काही नाही, तरी लोकांना ती गोष्ट आवडते. मलाही आवडते. आडवळणाने बोलणं हा दोष नव्हेच. पण आडवळणाने बोलायलाही चंद्र तरी दाखवावा लागतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज किंचित कापावा लागतो.

उत्तरार्धाबद्दल फार लिहवत नाही. एइता शिफारशीचा प्रवेश हातात असून मिओच्या विद्यापीठाची परीक्षा द्यायचं ठरवतो, तिकडे मिओ त्याच्या विद्यापीठाकडे वळते, आणि दोघं एकमेकांना सांगत नाहीत. हा पेच सगळ्या मालिकेतला सर्वात नाट्यमय, आणि नेमक्या याच टप्प्यावर चित्रांनी मान टाकलीय. चेहरे शॉटगणिक बदलतात, डोळे एका पातळीवर राहत नाहीत, लांबून दिसणाऱ्या माणसांना चेहरेच उरत नाहीत. एखाद्या मारामारीच्या मालिकेत हे खपून जातं. तिथे धूर आहे, उजेड आहे, आरडाओरडा आहे. इथे मिओचा चेहरा हीच घटना. तो नीट काढला नाही की घटना रद्द. दोघांनी एकमेकांसाठी एवढी मोठी उडी घेतली, आणि मी मात्र तिची हनुवटी कालपेक्षा लांब का दिसतेय याचा विचार करत होते.

पहिल्या भागाचं नाव ‘ऑन युअर मार्क्स!’ आणि शेवटच्याचं ‘गेट सेट, गो!’. म्हणजे बारा भागांची गोष्ट ही शर्यत सुरू होण्याआधीचा ओणवा क्षण. नावं कळल्यावर मला मालिकेबद्दल एकदम माया वाटली. काय करायचं होतं ते स्पष्ट आहे. धावपटू ओणवा बसतो तेव्हा हलत नाही हे खरं, पण त्याची पोटरी पाहिलीत कधी?

माझा एक मित्र या मालिकेचा कट्टर चाहता. त्याचं म्हणणं, “तुला मसाला हवाय. खरं आयुष्य असंच असतं, काही घडत नाही, आणि वर्षं निघून जातात.” त्याच्याशी मी फार भांडले नाही, कारण त्याला मालिकेत स्वतःची शेवटची थंडी दिसते, आणि ज्याला जे दिसतं ते दिसतं. पण खऱ्या आयुष्यात काही घडत नाही हे मला पटत नाही. मी रोज खऱ्या माणसांचं ध्वनिमुद्रण कापते. मुलाखतीत माणूस “तसं काही विशेष नाही” म्हणतो ना, त्याच्या आधीचा श्वास टाइमलाइनवर मोठा करून पाहा. डोंगर असतो तिथे. सुरुवातीला मी असे श्वास साफ करून टाकायचे, संवाद कसा स्वच्छ वाटायचा. माझ्या सीनियर बाईंनी एक दिवस मागे उभं राहून ऐकलं आणि म्हणाल्या, “हा माणूस मेलाय का?” सगळे श्वास परत लावायला रात्र गेली.

तेव्हा कुणी पाहावी? ज्यांना पार्श्वचित्रं डोळे भरून पाहायला आवडतात, ज्यांना जपानातल्या परीक्षेच्या हिवाळ्याचा रंग अनुभवायचाय, त्यांनी जरूर. पहिला भाग तर प्रत्येकाने पाहावा, तोही हेडफोन लावून. ट्रम्पेट कुठल्या बाजूने येतो ते ऐका. बर्फ पडतो तो सातवा भागही चांगला. प्रेमकथा म्हणून पाहायला बसणार असाल तर ‘त्सुकी गा किरेई’ आधी पाहू नका, नाहीतर माझ्यासारखं होईल, प्रत्येक खोलीत दिव्याची दोरी शोधत बसाल. गुण द्यायचे तर दहापैकी सहा. त्यातले दोन ट्रम्पेटचे.

भाचीने मधले भाग गाळून थेट बारावा पाहिला. तिला कुठेच काही निसटल्यासारखं वाटलं नाही. श्रेयनामावली चालू असताना तिने एकच विचारलं, “त्या कॅमेरावालीचं पुढे काय झालं?”